काळ्या रंगाचा पांढरा हत्ती : नऊ वर्षं जुनी ऑक्टाव्हिया घेतली त्याची गोष्ट

२०२५च्या फेब्रुवारीत सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आमची छोटी गाडी एकदम लहान झाली. पाय लांब करून बसायला त्यांना पुढची सीट, मागे दोन वाढती मुलं आणि मी, वॉकर डिकीत मावेना म्हणून मांडीवर. नवी मोठी गाडी घ्यायची तर पंधरा लाखांच्या पुढे हिशोब जात होता. आमच्याकडे होते सहा, फार ताणलं तर सात.

सहा लाखांत नवीन छोटी गाडी येते किंवा आठ-दहा वर्षं जुनी मोठी. मी दुसऱ्या गटातल्या गाड्या बघायला लागले आणि स्कोडाच्या ऑक्टाव्हियापाशी थांबले. त्याला एक जुनं कारणही आहे, ते पुढे येईल. घरात सांगितल्यावर दिरांनी फोनवरच निकाल दिला, "वहिनी, युरोपियन गाडी जुनी घ्यायची म्हणजे पांढरा हत्ती दारात बांधायचा." ऑफिसातल्या एकाने सांगितलं की त्याच्या मेव्हण्याने घेतली आणि वर्षात विकली. मेव्हण्याची गाडी नेमकी कशाने बिघडली ते मात्र त्याला सांगता येईना. अशा मेव्हण्यांच्या बऱ्याच गोष्टी मी त्या महिन्यात ऐकल्या.

दोन गोष्टी आधीच ठरवल्या. गिअर हाताने टाकायचे, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची धास्ती नको. आणि पेट्रोलच, कारण आमचं फिरणं शाळा, दवाखाना, मंडई एवढंच. म्हणजे तिसऱ्या पिढीची, १.४ टीएसआय (१.४ लिटर टर्बो पेट्रोल) इंजिनाची ऑक्टाव्हिया. या गाड्या पुण्यात विकायला असतात, पण ढिगाने नसतात.

सात गाड्या पाहिल्या. तिसरी एका जुन्या गाड्यांच्या यार्डात होती. चकचकीत, मीटरवर ६१,०००. सर्व्हिस बुक मागितलं तर "हरवलंय मॅडम". डिकीतल्या मॅटखाली मात्र २०२१ सालचं सर्व्हिसचं बिल सापडलं, त्यावर ९२,०००. मी ते बिल तिथल्या माणसाला दाखवलं. तो माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाला, "सर, टायपिंग मिस्टेक असेल." (हेही सांगून ठेवते : गाडी मी घेत होते, चालवणार मी होते, पैसे निम्म्याहून जास्त माझे होते. तरी सातपैकी पाच जणांनी किंमत नवऱ्यालाच सांगितली. नवरा बिचारा प्रत्येक वेळी माझ्याकडे बोट दाखवायचा.)

९ मार्चला सहकारनगरातल्या एका निवृत्त काकांची गाडी पाहिली. काळी, २०१६ची, पहिलेच मालक, ६७,९०० किलोमीटर. "आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका," असं मी आदल्या दिवशीच फोनवर सांगितलं होतं. गार इंजिन पहिल्यांदा कसं चालू होतं त्यावरून बरंच कळतं. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर तो आवाज लपतो. पोचल्यावर मी बॉनेटवर हात ठेवून पाहिला. गार. काका हसले, म्हणाले, "अगदी नाडी बघितलीस की!"

मग मी आप्पांना व्हिडिओ कॉल लावला. माझे वडील वाळूजच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. गाडी चालू करून फोन इंजिनाजवळ धरला. ते दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "आवाज स्वच्छ आहे. पण रेंजमुळे तसा वाटतोय की खरंच, ते मला इथून कळणार नाही. कोणाला तरी पैसे देऊन तपासून घे."

तसं केलं. १५ तारखेला एक मिस्त्री स्कॅनर घेऊन आला, ३,५०० रुपये घेतले, दीड तास तपासलं. रंगाच्या जाडीच्या मीटरवर डावीकडचं मागचं दार पुन्हा रंगवलेलं निघालं. काकांनी न विचारताच दार खांबाला घासल्याची हकिगत सांगितली होती, त्यामुळे माझा त्यांच्यावरचा विश्वास उलट वाढला. टायरच्या कडेला चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. चारही टायर २०१८चे. वापर कमी, नक्षी शाबूत, पण रबर कडक झालेलं. पुढच्या चाकांच्या खालच्या आर्मचे बुश (सांध्यातली रबरं) गेलेले. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या आतल्या भागांची वेळ जुळवणारा पट्टा, मूळचाच. हे सगळं कागदावर मांडून बोलले. काकांची किंमत ६ लाख ४० हजार होती, ५ लाख ८५ हजारांवर ठरलं. १६ तारखेला ११ हजार टोकन दिलं.

नवऱ्याला गाडी गुढीपाडव्याला, ३० मार्चला घरी आणायची होती. पाडवा कागदांत गेला.

एम-परिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकल्यावर आरसीवर बँकेचा बोजा दिसत होता. काकांनी कर्ज २०२१ मध्येच फेडलेलं. पण फेडलं म्हणजे आरसीवरून बोजा आपोआप उतरतो असा त्यांचा समज. तेव्हा मिळालेली एनओसी (बँकेचं ना-हरकत पत्र) त्यांनी फाइलला लावून ठेवली होती, तिची मुदत केव्हाच संपलेली. त्यात ती बँक मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झालेली, म्हणजे आरसीवर एक नाव आणि एनओसी देणार दुसरीच. काका आणि मी १८ मार्चला शाखेत गेलो. अर्ज, आरसीची प्रत, कर्ज बंद झाल्याचं पत्र. नवी एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) वर बँकेची सही-शिक्का २ एप्रिलला हातात आला. मी हट्टाने विलीनीकरणाचं एक पत्रही मागून घेतलं. ते पुढे खरंच लागलं. जुनी गाडी बघायला जाण्याआधीच ॲपवर बोजा तपासा, आणि असेल तर टोकन देण्याआधी एनओसी मागा. मी टोकन आधी दिलं, तो माझा गाढवपणा. काका सज्जन होते म्हणून निभावलं.

५ एप्रिलला, शनिवारी, उरलेले पैसे बँकेतून पाठवले आणि गाडी घेतली. ताबा घेतल्याच्या कागदावर तारखेबरोबर वेळही लिहिली : सायंकाळी ५.४०. त्या मिनिटाआधीची चलनं काकांची, नंतरची माझी. मागची दोन ई-चलनं निघालीच, दोन्ही सिग्नलच्या रेषेपुढे थांबल्याची. काकांनी तिथल्या तिथे भरली. दोन्ही आपल्या मुलाची आहेत, हे मात्र तीनदा सांगितलं.

आता आरटीओ. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असा नियम आहे. फॉर्म २९ (विक्री कळवण्याचा) दोन प्रतींत, फॉर्म ३० (मालकी बदलाचा), सोबत फॉर्म ३५, विमा, पीयूसी, दोघांचे पत्त्याचे पुरावे. अर्ज ऑनलाइन भरायचा, आणि तिथेच पहिला अडथळा : ओटीपी आरसीला जोडलेल्या मोबाइलवर जातो. काकांनी २०१६ मध्ये शोरूमवाल्याला दिलेला नंबर कधीच बंद पडलेला. आधी त्यांचा नवा नंबर नोंदवून घ्यावा लागला. आधारवरच्या नावात आणि आरसीवरच्या नावात वडिलांच्या नावाचा फरक होता, म्हणून पहिला प्रयत्न फसला. या सगळ्यात दहा दिवस गेले.

दुसरं म्हणजे नंबरप्लेट. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवणं सक्तीचं झालेलं, आणि ती नसेल तर मालकी बदलाचं काम अडेल असं मला सांगण्यात आलं. चारचाकीला तेव्हा ७४५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे साधारण ८७९. बुकिंग ८ एप्रिलला करायला बसले आणि तिथेही पुन्हा काकांचाच ओटीपी. मोबाइलचं काम मार्गी लागल्यावर बुकिंग झालं, तारीख मिळाली २ मे. ज्यांना जुनी गाडी घ्यायची आहे त्यांनी विकणाऱ्याकडूनच नंबरप्लेट बसवून घ्यावी आणि मोबाइल नंबर दुरुस्त करून घ्यावा. पैसे आपण दिले तरी चालतील, पण आपले दिवस वाचतात. या तीन आठवड्यांत काकांना मी इतके फोन केले की काकूच उचलायच्या आणि "ओटीपी ना?" असं विचारून आकडे वाचून दाखवायच्या.

५ मेला, म्हणजे बरोबर तिसाव्या दिवशी, कागद जमा केले. एजंट घेतला नाही. घ्यावा की नाही? एजंट अडीच हजार मागत होता, सरकारी फी त्यामानाने किरकोळ. मला दोन खेपा पडल्या, कारण फॉर्म २९ च्या दुसऱ्या प्रतीवरची काकांची सही पहिलीपेक्षा वेगळी दिसत होती. वय ७३, हात थरथरतो. ते स्वतः माझ्याबरोबर आले, खिडकीसमोर बसून सावकाश सही केली. २७ मेला ॲपवर माझं नाव दिसलं. स्मार्ट कार्ड ११ जूनला पोस्टाने आलं. पाकीट मी चहा टाकून, बसून फोडलं.

विम्याचं थोडक्यात : जुनी पॉलिसी १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज करावा लागतो, आणि नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) विकणाऱ्याचाच राहतो, गाडीबरोबर येत नाही. मी आमची छोटी गाडी विकताना माझ्या बोनसचं पत्र घेऊन ठेवलं होतं. ते तीन वर्षं चालतं. त्यामुळे नवी पॉलिसी १७,४०० मध्ये बसली.

कागद फिरत असतानाच गाडीची पहिली सर्व्हिस केली. एका मोठ्या वर्कशॉपने अंदाजपत्रक दिलं, त्यात "इंजिन डीकार्बनायझिंग", "एसी डिसइन्फेक्शन", "अंडरबॉडी कोटिंग" अशा ओळी धरून आकडा ४८ हजार. मी ते आप्पांना पाठवलं. त्यांचा उलट मेसेज : "तेल, तेलाचा फिल्टर, हवेचा फिल्टर, प्लग, ब्रेक ऑइल. बाकीचं त्यांच्या पोराच्या लग्नाचं आहे."

खरी शोधाशोध मिस्त्रीची झाली. वारज्यात एक गॅरेज सापडलं, दोन लिफ्ट, भिंतीवर गणपती आणि शेल्फात पार्ट नंबर लिहिलेल्या पेट्या. मालक पंचेचाळिशीचे, सगळे त्यांना भाऊ म्हणतात. त्यांनी पहिल्या भेटीत दोन प्रश्न विचारले : कोणतं तेल घातलंय आणि कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) कोणत्या रंगाचं आहे. मला दोन्ही माहीत नव्हतं. या इंजिनाला फोक्सवॅगन ५०२ ०० हे प्रमाण लिहिलेलं तेल लागतं, डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असतं. कूलंट गुलाबी, त्यात कोपऱ्यावरच्या दुकानातलं हिरवं मिसळायचं नाही. भाऊंनी जुने पार्ट माझ्यासमोर काढून पिशवीत घालून दिले. बिल १६,८००. टायर चार, २०५/५५ आर १६, एकूण ३१,२००. आर्मचे बुश आणि लिंक नाना पेठेतल्या पार्टच्या दुकानांतून पार्ट नंबर दाखवून मीच आणले, मजुरीसह ९,६००. नाना पेठेत "ऑक्टाव्हियाचा बुश द्या" म्हणालात तर तीन वेगवेगळे समोर येतात. नंबर दाखवला तर एकच येतो.

पावसाळ्यापर्यंत गाडी झकास चालली. १२ जुलैला, शनिवारी, साताऱ्याला चाललो होतो, सासूबाईंच्या माहेरी. खंबाटकी घाट चढताना डॅशबोर्डवर लाल दिवा आणि कर्कश पिंपिं. कूलंट कमी. मी डावीकडे घेऊन इंजिन बंद केलं. बाहेर धो धो पाऊस, मागे ट्रकांचे हॉर्न, सासूबाई म्हणाल्या, "मी तरी म्हणत होते एसटीने जाऊ." खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला दिरांचा हत्ती आठवला आणि डोळ्यांत पाणी आलं.

भाऊंना फोन केला. "मॅडम, तापमानाचा काटा मध्यावर आहे ना? मग इंजिन वाचलंय. कूलंटच्या टाकीचं झाकण गरम असताना उघडू नका. गाडी पुढे चालवू नका." एवढंच. सासूबाई आणि मुलांना नवऱ्याबरोबर मागून आलेल्या एसटीत बसवलं (हो, एसटीतच), आणि मी टो-व्हॅनसाठी दोन तास थांबले. सपाट फळीवर गाडी चढवून वारज्यापर्यंत ६,५०० रुपये. ते पुढे विम्यातल्या रस्त्यावरच्या मदतीच्या कलमातून परत मिळाले असते, पण त्यासाठी त्यांच्याच नंबरवर फोन करून त्यांचीच व्हॅन बोलवावी लागते. तो नंबर आता काचेवर चिकटवलाय.

निदान असं : या इंजिनात पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट एकाच प्लास्टिकच्या घरात असतात. नऊ वर्षांच्या उष्णतेने सील आणि प्लास्टिक थकलं, गळती लागली. भाऊ म्हणाले, आधीच्या सर्व्हिसमध्ये कुणीतरी नुसतं वरून पाणी ओतत राहिलेलं दिसतंय, गुलाबीचं फिकट झालंय. पार्ट यायला अकरा दिवस लागले. ते अकरा दिवस रिक्षाने काढले, आणि युरोपियन गाडी ठेवायची तर कॅलेंडरात असे दिवस धरूनच चालायला लागतं. पुढच्या चौकात मिळेल अशा पार्टची सवय सोडावी लागते. बिल २३,४००. दुसरीकडे त्याच कामाचे ४१ हजार सांगितले होते.

म्हणजे घेतल्यापासून दुरुस्ती आणि देखभालीचे मिळून ८१,०००. टो-व्हॅन आणि विमा वेगळा. हा आकडा मी मुद्दाम लिहिते आहे. ५.८५ला मिळाली असं कुणी सांगत असेल तर त्याला पुढचं वर्षही विचारा. मी सुरुवातीलाच एक लाख वेगळ्या खात्यात टाकले होते आणि त्याला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. ते पैसे नसते तर जुलैत मीच गाडी विकली असती आणि कुणाच्या तरी गोष्टीतला मेव्हणा झाले असते.

रोजच्या वापराचं सांगायचं तर पहिला आठवडा मी प्रत्येक वळणावर वायपर लावला. इंडिकेटरची दांडी डावीकडे असते, आपल्या नेहमीच्या गाड्यांत उजवीकडे. कडक उन्हात वायपर फडफडवत मी मंडईला वळायचे आणि रिक्षावाले आदराने जागा द्यायचे. अजूनही घाईत होतं. आमच्या सोसायटीच्या दारातला गतिरोधक तिरका घ्यावा लागतो, पाच जण बसलेले असले तर घासतोच. पार्किंगच्या आखलेल्या चौकोनातून नाक बाहेर राहतं, त्यावरून सचिवांचं एक प्रेमळ पत्र येऊन गेलं.

पण डिकी! ५९० लिटर, आणि झाकण मागच्या काचेसकट वर उघडतं. वॉकर, दोन सायकली (पुढची चाकं काढून), गावाकडचं तांदळाचं पोतं, सगळं आत. गणपतीला मूर्ती सरळ उभी बसली, मुलाला मांडीवर धरून बसावं लागलं नाही. सासूबाईंचा पाय पूर्ण सरळ होतो. त्या उघड कौतुक करत नाहीत, पण हल्ली शेजारच्या काकूंना "आमच्या गाडीने जाऊ" म्हणतात.

मायलेज शहरात ९ ते १०, महामार्गावर शंभराच्या आत राहिलं तर १६. हे टाकी पूर्ण भरून, वहीत लिहून काढलेले आकडे आहेत, डॅशबोर्डवरचा आकडा थोडा आशावादी असतो. पंपावर आता सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे आणि ही गाडी त्या काळातली नाही. भाऊंचा सल्ला एवढाच की टाकी महिनोन्‌महिने भरून उभी ठेवू नका आणि रबरी नळ्या प्रत्येक सर्व्हिसला बघून घ्या. बघून घेते.

दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी, गाडी माहेरी नेली. छत्रपती संभाजीनगर. अहिल्यानगरमार्गे साडेपाच तास, एकदाही दिवा लागला नाही. आप्पा फाटकातच उभे होते. त्यांनी आम्हाला या म्हणायच्या आधी बॉनेट उघडायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना शेजारी बसवून जालना रोडने शेंद्र्यापर्यंत नेलं. २००१ मध्ये तिथे स्कोडाचा कारखाना सुरू झाला तेव्हा मी सातवीत होते. आप्पा मला स्कूटरवर मागे बसवून नव्या गाड्या ट्रेलरवर चढताना दाखवायला घेऊन गेले होते. तेव्हा ते म्हणाले होते, "दार लावल्याचा आवाज ऐक." आवाज काही ऐकू आला नव्हता, रस्ता फार लांब होता. माझी गाडीही तिथेच जोडलेली.

कारखान्याच्या अलीकडे गाडी कडेला घेतली. आप्पा उतरले, दार लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. मग खिडकीतून वाकून म्हणाले, "टायमिंग बेल्ट कधी बदलणार?"

"जानेवारीत, आप्पा."

"जानेवारीत म्हणजे कधी? तारीख घेतलीस का?"

घेतली नव्हती. तिथूनच भाऊंना फोन लावला. १० जानेवारी, शनिवार, सकाळी दहा.